वॉरंटी आहे, हात लावू नका

मी माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी नोकरी कळली की लोक जरा लांब सरकून बसतात. चाकणला आमची कंपनी ट्रॅक्टरचे पंप बनवते. बिघडलेला पंप परत आला की तो वॉरंटीत बसतो की नाही, हे ठरवायचं काम एकवीस वर्षं या हिंदुरावाकडे आहे. ठरवायचं म्हणजे काय हो, बसत नाही असं कळवायचं. तेही अशा गोड भाषेत, की समोरच्याला वाटावं चूक आपलीच होती आणि या साहेबांना उगाच त्रास दिला.

आता अशा माणसाच्या घरातला लॅपटॉप वॉरंटीत असताना बंद पडावा? केले तुका अन् झाले माका, दुसरं काय!

लॅपटॉप माझ्या मुलीचा, तनुजाचा. पोरगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली. नऊ महिने खपून तिनं कांदा निवडायच्या मशीनचं डिझाइन केलं. पट्ट्यावर कांदा पडतो, लहान-मोठा वेगळा होतो आणि साल निघत नाही. साल निघत नाही ही त्यातली खरी करामत. चाकणच्या मार्केटात कुणालाही विचारा, साल निघालेला कांदा दोन दिवस टिकत नाही. शेतीची अवजारं करणाऱ्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी, सकाळी दहाला. डिझाइनमध्ये जागा एकच. लॅपटॉप घेऊन या, मशीन स्क्रीनवर चालवून दाखवा, मग बोलू, असं त्यांनी कळवलं होतं.

आणि नवरात्रातल्या दुसऱ्या माळेला, मंगळवारी, लॅपटॉप गेला. बटण दाबलं तर ढिम्म.

"दुसरीकडं कुठं कॉपी ठेवलीयस का?" मी विचारलं.

"पेन ड्राइव्हवर आहे, पप्पा. गणपतीच्या आधीची." ती चार्जरची पिन काढून परत लावत होती. "गणपतीनंतर मी सगळं मशीन बदललंय. त्या जुन्यात कांदे सोलून निघत होते."

माझे दाजी उद्धवराव, म्हणजे थोरल्या बहिणीचे, इंदुताईचे मालक. रावेतला घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार, मिक्सर, काय वाट्टेल ते हातात घेतात आणि चालू करून देतात. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आणा इकडं. बघतो उघडून."

मी जवळजवळ ओरडलोच. "दाजी, वॉरंटी आहे! हात लावू नका! तीन वर्षांची ऑन-साइट वॉरंटी घेतलीय. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेत इंजिनिअर घरी."

"बरं," दाजी म्हणाले. ते जास्त बोलत नाहीत.

मी कंपनीला फोन लावला. मराठीसाठी चार दाबा. चार दाबलं. 'आपला कॉल आमच्यासाठी मौल्यवान आहे' हे अठरा मिनिटं मराठीत ऐकलं, आणि मग एक मुलगी हिंदीत बोलायला लागली. चार्जर लावलाय का? घरात लाइट आहे का? बटण तीस सेकंद दाबून धरा. सोडा. परत धरा. उलटा करून मागचा नंबर वाचा. तो नंबर मुंगीनं लिहिल्यासारखा. तनुजानं मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचला. मग ती मुलगी म्हणाली, लॅपटॉप चालू होत नाही याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा.

बंद लॅपटॉपचा व्हिडिओ! त्यात काय दिसणार, डोंबल? काळा पडदा आणि त्यात माझं तोंड. पण मी गप्प बसलो, कारण आमच्या कंपनीतही शेतकऱ्याकडून बंद पंपाचा व्हिडिओ मागवतात आणि तो नियम मीच काढला होता. व्हिडिओ मागितला की निम्मे लोक नाद सोडतात.

मी नाद सोडला नाही. मग पत्त्याची पाळी आली. आमचं घर खराबवाडीत, चाकणला लागून.

"सर, आपका एरिया रिमोट लोकेशन में आता है. वहाँ ऑन-साइट नहीं है."

"रिमोट?" माझं टाळकंच सरकलं. "बाई, आमच्या दारावरनं रात्रंदिवस ट्रेलर जातात. जर्मनीचं मशीन लाकडी पेटीत बसून बिनचूक आमच्या वेशीवर उतरतं. कोरियाचा साहेब टपरीवर उभा राहून वडापाव खातो. आणि तुमच्या माणसाला एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन यायला रस्ता सापडत नाही?"

"सर, सिस्टीम में रिमोट है."

सिस्टीमपुढं देवाचंही चालत नाही. इंदुताईचा रावेतचा पत्ता दिला. तो चालला. तनुजा लॅपटॉप आणि दोन ड्रेस घेऊन आत्याकडं राहायला गेली.

बुधवारी मेसेज आला, आमचा इंजिनिअर उद्या नऊ ते सहाच्या दरम्यान येईल. गुरुवारी इंदुताईनं त्याच्यासाठी पोहे केले. नंतर ते तनुजानं खाल्ले. शुक्रवारी परत तोच मेसेज, परत पोहे. त्या दिवशी मीही लवकर सुटून तिथं जाऊन बसलो. सहाला दहा कमी असताना माझा फोन वाजला. 'आमचा इंजिनिअर आपल्या दारी आला होता. आपण उपलब्ध नव्हता. आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.'

मी ते मोठ्यानं वाचलं. चार माणसं दारात बसून एकमेकांकडं बघत होती.

"आरं, म्या तर दुपारपास्नं उंबऱ्यात लसूण सोलतीया," इंदुताई म्हणाली. "कावळा बी आला न्हाई! कोन आला हुता त्यो, मला दाव तरी."

परत फोन. नवी तक्रार, नवा नंबर, पहिल्यापासून मोजणी. शनिवार-रविवार धरायचे नाहीत. सोमवारी कळलं, पार्ट भिवंडीहून निघालाय. मला एकेक डाव माहीत होता, सगळा खेळ पाठ होता. पण पत्ते त्यांच्या हातात होते आणि मी नुसता चिडत होतो. रात्री तनुजा फोनवर म्हणाली, "पप्पा, मी कागदावर काढून नेऊ का मशीन?" मी म्हटलं, "वेडी का काय तू. वॉरंटी आहे आपली."

मंगळवारी खंडेनवमी. आमच्या कंपनीत त्या दिवशी मशीनची पूजा असते आणि घरच्यांना आत नेऊन दाखवतात. तनुजाला मशीनची भारी हौस, म्हणून तिला रावेतहून आणून मी कंपनीत नेलं. लॅपटॉप राहिला इंदुताईकडं. संध्याकाळी पोरीला सोडायला गेलो, तर दाजींच्या दुकानात पूजा मांडलेली. पाने, पक्कड, वाइंडिंगचं मशीन, सोल्डरिंगची गन, विळी, कोयता, स्कूटरची चावी, आणि मधोमध पाटावर, उघडून ठेवलेला, लॅपटॉप.

हळदीची बोटं. कुंकवाची बोटं. कीबोर्डवर अक्षता, वर झेंडूचं फूल. नारळ त्याच्या शेजारीच फोडलेला आणि पाट ओला.

"आत्या!" तनुजा किंचाळली.

"काय झालं गं? पोरीचं हत्यार हाय न्हवं त्ये? मग पुजायला नको?" इंदुताईला कळेचना. "आजारी हाय म्हणून जरा जास्तच वाहिलं. देवाच्या कानावर घातलं. तुमच्या कंपनीपरीस त्यो लवकर ऐकंल."

मला हसू आलं. खरं सांगतो, मी हसलो. एकवीस वर्षं ज्या माणसानं पंपावर शेणाचा डाग दिसला तरी क्लेम नाकारला, त्याला त्या क्षणी काही सुचू नये! तनुजानं फडक्यानं वरवर पुसून घेतलं आणि आम्ही पुरणपोळी खायला बसलो.

इंजिनिअर उगवला गुरुवारी, दुपारी साडेचारला. दसरा होऊन गेला होता आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी दहाला होती. सुरज नाव. लातूरकडचा, पाठीला मोठी बॅग, डोळे लाल. तळेगावपासून सकाळी सुरुवात केली होती आणि आमचा आठवा नंबर. इंदुताईनं आधी त्याला पोटभर खायला घातलं. मग त्यानं बारीक बारीक बारा स्क्रू काढले आणि पाठ उघडली.

आतला पंखा लालभडक. जाळीत अडकलेले तांदळाचे पाच-सहा दाणे. बोर्डाच्या कडेला पाणी सुकल्याचा डाग.

"काका," तो बिचकत म्हणाला, "हे काय हो?"

"पूजा केली होती."

"अहो, पण मला फोटो पाठवावा लागतोय. उघडल्या-उघडल्या फोटो घ्यायचा असा नियमच हाय."

त्यानं फोटो पाठवला. नऊ दिवस ज्यांना आमचं घर सापडलं नव्हतं, त्यांचं उत्तर चार मिनिटांत आलं. 'उपकरणात बाह्य पदार्थ व द्रव आढळले. ग्राहकाकडून झालेले नुकसान. वॉरंटी नामंजूर.'

मी सुरजच्या फोनवरून त्याच्या वरच्या मॅडमशी बोललो. त्या मराठी निघाल्या, एवढाच काय तो फायदा.

"मॅडम, तक्रार दुसऱ्या माळेची आहे आणि पूजा खंडेनवमीची. लॅपटॉप मेला आधी, कुंकू लागलं नंतर. मेलेल्याला कुंकू लावलं म्हणून तो मेला, असं कुठं असतं का?"

"सर, आपल्या भावना मी समजू शकते. पण तपासणीच्या दिवशी जी स्थिती असेल तीच ग्राह्य धरली जाते."

मी गार झालो. आमच्या वॉरंटीच्या पुस्तकात, पान अकरावर, हे वाक्य शब्दशः आहे. शेतकऱ्याचा पंप तीन-तीन महिने आमच्याच गोदामात पडतो, तिथं त्याला गंज चढतो, मग मी तपासतो आणि लिहितो, गंज आढळला. आजवर मला हे वाक्य फार हुशारीचं वाटायचं. आता ते ऐकून त्या बाईचा गळा धरावासा वाटला.

"आता तुम्ही म्हणाल, प्रकरण वरिष्ठांकडं पाठवते," मी म्हणालो.

"हो सर."

"अठ्ठेचाळीस तास लागतील."

"हो सर."

"कामाचे तास."

"हो सर." मग जरा थांबून, "सर, आपण आमच्याच कंपनीत आहात का?"

सुरजला हसू आवरेना. मी फोन त्याच्या हातात आपटला आणि दुकानात येरझारा घालायला लागलो. शिव्या देत होतो, कुणाला ते माझं मलाच कळत नव्हतं. इंदुताई कोपऱ्यात डोळ्याला पदर लावून बसली होती. "माझ्यामुळं झालं गं पोरी. माझे हात मोडले असते तर बरं झालं असतं," असं पुटपुटत होती.

तनुजा रडली नाही. ती त्या उघड्या बोर्डाकडं बघत होती. तिनं सुरजला विचारलं, "दादा, समजा वॉरंटी पास झाली असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

"बोर्ड बदलला असता, ताई. नवा बॅगेत हाय की. जुना कंपनीला परत जातोय."

"आणि माझ्या फाइली?"

"त्या जुन्या बोर्डावरच बसवलेल्या असतात ओ. गेल्या असत्या. तसं लिहून घेतल्याबिगर आमी बोर्ड काढतच न्हाई."

तनुजानं माझ्याकडं बघितलं. नऊ दिवस मी ज्या गोष्टीसाठी घसा फोडून भांडत होतो, ती मिळाली असती तर पोरीचं नऊ महिन्यांचं काम पुसलं गेलं असतं. मी मुकाट्यानं स्टुलावर बसलो.

"नेमकं बिघडलंय काय पण?" तिनं विचारलं.

सुरजनं दाराकडं एकदा बघितलं. मग मीटर काढून बोर्डावर दोन-तीन ठिकाणी टेकवला. एका जागी मीटर पीं करून ओरडला. "हे बघा. मोहरीएवढा पार्ट हाय. शॉर्ट झालाय. कुंकवाचा, पाण्याचा काय बी संबंध न्हाई. हा उपटून टाकला तरी लॅपटॉप चालू होईल."

"मग उपट की बाबा!" मी उठलो.

"काका, आम्हाला दुरुस्ती करायची परवानगी न्हाई. फक्त बदलायची हाय. वॉरंटीतल्या मशीनला कुणाची सोल्डरिंग गन लागली असं दिसलं, तर उद्यापासून मी घरी."

"पण आता वॉरंटी आहे कुठं?" तनुजा म्हणाली.

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. ज्याची वॉरंटी गेली, त्याला हात लावायला आता कोण अडवणार? दाजी उठले आणि सोल्डरिंग गनची पिन भिंतीवरच्या लाइटच्या बोर्डात घातली.

"थांबा, थांबा," सुरज म्हणाला. "आधी माझं तिकीट, म्हणजे तुमची तक्रार, बंद व्हायला पायजे. काका, तुमच्या फोनवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा."

मी फोन उघडला. 'सदर बिघाड माझ्या चुकीच्या हाताळणीमुळे झाला असून तो मला मान्य आहे. मान्य असल्यास खालील ओटीपी आमच्या प्रतिनिधीस सांगा.'

"नाही सांगणार," मी म्हणालो. "मेलो तरी नाही. माझी चूक नाही आणि मी मान्य करणार नाही. ग्राहक मंचात खेचतो साल्यांना. एकेकाला सरळ करतो."

"पप्पा," तनुजा म्हणाली, "उद्या दहा वाजता माझं मशीन ग्राहक मंच बघणार आहे का?"

असल्या कबुलीवर मी आजवर हजारो लोकांच्या सह्या घेतल्या असतील. काही जण रागानं करायचे, काही जण न वाचताच करायचे, आणि एक म्हातारा तर अंगठा देताना मला नमस्कार करून गेला होता. आता पाळी माझ्यावर आली होती. सहा आकडे मी एकेक करून सांगितले. सुरजनं ते दाबले आणि म्हणाला, "झालं. आता हा लॅपटॉप तुमचा."

आणि खरंच, विकत घेतल्यापासून पहिल्यांदाच तो आमचा झाला. दाजींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. सुरजनं बोट ठेवून जागा दाखवली. गनचं टोक टेकलं, बारीक धूर निघाला, आणि मोहरीएवढा तो काळा तुकडा दाजींच्या चिमट्यात आला. नंतर दाजींनी जुन्या टूथब्रशनं सगळं झाडलं. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तनुजानं बटण दाबलं. पंखा फिरला, आत उरलेलं कुंकू भसकन सुरजच्या शर्टावर उडालं, आणि स्क्रीन उजळला.

तिनं फाइल उघडली. पट्टा सुरू झाला, एकेक कांदा टुणटुण उडत आपापल्या खणात पडायला लागला. तनुजा तेव्हा रडली. मीही रडलो, कशाला लपवू? दाजींनी गनची पिन काढली आणि ती जाग्यावर ठेवून दिली.

जाताना सुरज घुटमळला. "काका, तुम्हाला एक मेसेज येईल. दहापैकी किती मार्क म्हणून. दहाच द्या हां. नऊ दिले तरी आमच्याकडं नापास धरतात." मी दहा दिले. माझी वॉरंटी नाकारल्याबद्दल त्या कंपनीला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क गेले.

शुक्रवारी मी रजा टाकली. तनुजाला कंपनीच्या गेटवर सोडलं आणि समोरच्या टपरीवर बसून राहिलो. दहाचे अकरा झाले, बाराला कंपनीच्या बसा आल्या आणि गेल्या. माझे पाच चहा झाले. दीड वाजता ती बाहेर आली, आणि रस्ता ओलांडतानाच हसत होती.

"चाललं का मशीन?"

"चाललं, पप्पा! चौघं साहेब खुर्च्या सोडून स्क्रीनजवळ आले. त्यांचा एक माणूस म्हणाला, साल न काढता निवडणारं मशीन आम्हालासुद्धा अजून जमलेलं नाही."

"मग?"

"घेतलं मला. सोमवारपासून यायचंय."

मी टपरीवाल्याला मिठीच मारली. इंदुताईला फोन लावायला खिशात हात घातला, तेवढ्यात विचारलं, "डिझाइनमध्येच ना?"

"डिझाइनची जागा यंदा भरणार नाहीत म्हणाले. मार्चनंतर बघू." तिनं पिशवीतून पत्र काढून माझ्या हातात दिलं. "सध्या कस्टमर क्लेममध्ये. शेतकऱ्यांची मशीनं परत येतात ना, त्यांना उत्तरं द्यायची. आम्ही सहा जण होतो. प्रत्येकाला एकेका शेतकऱ्याची तक्रार दिली आणि म्हणाले, नामंजूर करा, पण वाचून त्याला राग येता कामा नये. अर्धा तास दिला होता. माझं सहा मिनिटांत झालं, पप्पा. साहेबांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाले, कुठं शिकलात हे? म्हटलं, घरी. पप्पा जेवता जेवता फोनवर बोलायचे, ते ऐकून ऐकून."

"त्या शेतकऱ्याचं मशीन कशानं बिघडलं होतं?" मी विचारलं.

"ते काही त्यात लिहिलं नव्हतं," ती म्हणाली.

तिला मनापासून आनंद झाला होता. मला मात्र इतकी लाज वाटली की तिच्याकडं बघवेना. नको घेऊ ही नोकरी, घरी बस, कांदे विक, पण हे नको शिकू, असं तिला सांगायचं होतं. एकवीस वर्षं दिवसाला दहा वेळा लोकांना नाही म्हणणाऱ्या माझ्या तोंडून त्या एका वेळेला नाही निघालं नाही. "छान झालं," मी म्हणालो, पत्राची घडी घालून तिला परत दिली आणि गाडीला किक मारली.